तार्साचा दगड

(गावाच्या वेशीबाहेर, थडग्यांच्या रस्त्याकडेला पाथरवट नेवियुसचं अंगण. भर दुपार. हिलारा एका अर्धवट घडवलेल्या दगडावर बसली आहे.)

हिलारा : नाही काका, नशीब-बिशीब नको. मी सांगते तसंच कोरा. 'पंच आंतेरोसने मला मारलं.' बस.

नेवियुस : बस म्हणे! अगं, चाळीस वर्षं झाली मला मेलेल्यांची नावं कोरून. आजवर सगळ्यांना नशिबानंच मारलंय. त्या तेलवाल्याला बायकोनं विष घातलं, गावभर बोभाटा झाला, तरी दगडावर काय? 'नशिबाने ओढून नेलं.' का? नशीब उठून भांडायला येत नाही.

हिलारा : येऊ दे की भांडायला. मी वाटच बघतेय.

नेवियुस : तू बघशील गं. अंगण माझं रस्त्यावर आहे.

हिलारा : घाबरता?

नेवियुस : साठीनंतर माणूस घाबरत नाही, जपून राहतो. बरं, आधी मला सरळ सांग. नवरा तालमीतला गडी. आठ दिवसांपूर्वी खेळांत पडला. नाव काय त्याचं?

हिलारा : तार्सा. रिंगणात फुल्गुर म्हणायचे.

नेवियुस : फुल्गुर! वाकडी तलवार, छोटी ढाल. अगं, भिंतीभिंतीवर रंगवलं होतं, 'फुल्गुर विरुद्ध पुदेन्स'. आमची सून तर चुलीशीसुद्धा त्याचंच नाव घ्यायची.

हिलारा : सगळ्यांच्याच सुना घ्यायच्या. बाजाराच्या दिवशी तालमीतून सुटून घरी आला, की पाय पुढे करून बसायचा, तेल चोळ म्हणून. गुडघे म्हाताऱ्यासारखे कुरकुरायचे. ते सुनांना कुठं ठाऊक?

नेवियुस : हा एक दगड बघ. तयार आहे. गडी उभा, पायाशी कुत्रं, बाजूला विजयाच्या माळा. किती माळा ठेवू?

हिलारा : आठ. अकरा झुंजी झाल्या. आठ जिंकला, दोनदा हरला पण माफी मिळाली.

नेवियुस : आणि अकरावी...

हिलारा : अकरावीतही मिळाली असती. त्याने बोट वर केलं होतं, काका. ढाल गेली, मांडीवर घाव बसला, गुडघ्यावर आला, बोट वर केलं. हरलो म्हणाला. आता पंचाचं काम काय? काठी मध्ये घालायची, जिंकणाऱ्याचं मनगट धरायचं आणि खेळ भरवणारा यजमान काय म्हणतो ते कळेपर्यंत सोडायचं नाही. आंतेरोसने सोडलं.

नेवियुस : तू डोळ्यांनी बघितलंस?

हिलारा : सगळा गाव होता तिथं.

नेवियुस : गाव होता हे मला माहीत आहे. मी तुझं विचारतोय.

हिलारा : बायकांना कुठं खाली बसू देतात? सगळ्यात वर, छताच्या कापडाखाली. तिथून माणसं मुंग्यांएवढी दिसतात. पुदेन्सने स्वतः येऊन सांगितलं मला. ज्याने मारलं त्याने. चितेपाशी माझ्या पायावर डोकं ठेवून रडला पोरगा. दोघं एकाच खोलीत झोपायचे. म्हणाला, 'वहिनी, माझं मनगट धरलं होतं तोवर मी थांबलो होतो. सुटलं, मला वाटलं हुकूम झाला.'

नेवियुस : आणि आंतेरोस कोण, हे तुला ठाऊक असेलच.

हिलारा : मला? माझ्या हातची मसूर खाऊन गेलेला माणूस आहे तो. तार्साचा वस्ताद. तार्साला थ्रेसहून बांधून आणलं, तेव्हा त्याला आपली भाषासुद्धा येत नव्हती. पहिली तलवार हातात दिली ती ह्याने. पुढे ह्याला सुटकेची लाकडी तलवार मिळाली, सुटला, पंच झाला. मी भाऊजी म्हणायचे त्याला.

नेवियुस : मग पोरी, जरा खाली वाक आणि त्या चिंचोळ्या दगडाच्या आडून रस्त्याकडे बघ. तो जो लंगडत येतोय, तो आंतेरोसच आहे ना?

हिलारा : ...हा इकडे का येतोय?

नेवियुस : तुझ्यासाठी नाही. माझ्याकडे काम आहे त्याचं. तू मागच्या दाराने गेलीस तर बरं.

हिलारा : मी आठ दिवस कोणाच्याही मागच्या दाराने गेले नाही. बसते.

आंतेरोस : नेवियुस, आहेस का? यजमानांचा निरोप... वहिनी.

हिलारा : वहिनी म्हणू नकोस.

आंतेरोस : घरी दोनदा येऊन गेलो. दार बंद होतं.

हिलारा : मी कामावर होते. नवरा मेला म्हणून लोकांचे कपडे मळायचे थांबत नाहीत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत धोबीखान्यात मुताच्या कुंडात उभी राहून दुसऱ्यांची लोकर तुडवते मी. तू तुझा निरोप सांग. माझं काय, मी बसलेय.

आंतेरोस : नंतर येतो.

हिलारा : सांग ना! यजमानांचा निरोप, मी ऐकू नये असा काय आहे?

नेवियुस : सांगून टाक रे. आज ना उद्या तो दगड चौकात लागणारच आहे, सगळेच वाचतील. खेळांची आठवण म्हणून यजमान संगमरवर बसवतायत, पोरी. निवडणुकीला उभे आहेत. त्या गोणपाटाखाली आहे तो.

आंतेरोस : शेवटी एक ओळ वाढवायची म्हणाले. 'आणि लोकांवर भेटींची उधळण केली.'

नेवियुस : जागा कुठाय आता? 'वीस जोड्या झुंजवल्या' खाली चार बोटं उरली असतील.

आंतेरोस : अक्षरं बारीक कर म्हणाले.

हिलारा : उधळण.

आंतेरोस : वहिनी...

हिलारा : ते लाकडी गोळे उधळले, ते ना? ज्यावर लिहिलेलं असतं, कोणाला काय मिळणार. कोणाला कोंबडी, कोणाला तेलाचा बुधला. ते कधी उधळले, आंतेरोस? कुठल्या जोडीच्या वेळी?

नेवियुस : जाऊ दे पोरी. एक ओळ आहे नुसती.

हिलारा : मी त्याला विचारतेय.

आंतेरोस : तुमच्या... तार्साच्या वेळी.

हिलारा : म्हणजे तो गुडघ्यावर होता तेव्हा.

आंतेरोस : तो पडायच्या जरा आधी सुरू झालं. पडला तेव्हा सगळी गॅलरी उलटीपालटी झाली होती. लोक एकमेकांच्या अंगावर चढत होते. एक म्हातारा खाली घसरला, पाय मोडला. मी काठी आडवी घातली, पुदेन्सचं मनगट धरलं, वर बघितलं. वीस हजार माणसं, वहिनी. एकही तोंड रिंगणाकडे नव्हतं.

हिलारा : वाजंत्री?

आंतेरोस : शिंग फुंकलं. एकदा, दोनदा. कोणाला ऐकू जातंय? मी आयुष्यात शंभर मरणं बघितली. लोक ओरडतात. मार म्हणतात, सोड म्हणतात. शिव्या देतात. पण बघतात. शेवटपर्यंत बघतात. त्या दिवशी...

हिलारा : यजमान?

आंतेरोस : उभे होते. पाठ आमच्याकडे. हसत होते. उधळणाऱ्यांना सांगत होते, इकडे टाका, तिकडे टाका.

हिलारा : आणि तू मनगट सोडलंस.

आंतेरोस : त्यांचा हात वर गेला.

हिलारा : पाठ आमच्याकडे म्हणालास.

आंतेरोस : हात वर गेला आणि खाली आला. मला हुकूम वाटला.

हिलारा : पाठमोऱ्या माणसाचा हुकूम? भाऊजी म्हणायचे मी तुम्हाला. माझ्या घरात बसून शपथेवर सांगितलं होतंत, पोराला रिंगणात माझ्यादेखत काही होऊ देणार नाही. आता ह्या दगडांदेखत सांगा. हुकूम वाटला?

नेवियुस : हे बघा, माझ्या अंगणात...

आंतेरोस : नाही.

हिलारा : काय नाही?

आंतेरोस : नाही वाटला. कळत होतं मला. तो हात आमच्यासाठी नव्हता. गोळे फेकणाऱ्यांना दाखवत होते ते, की वर टाका, वर बायकांच्या रांगांत पोचत नाहीयेत, तिकडे टाका. मला स्पष्ट दिसत होतं.

हिलारा : वर. बायकांच्या रांगांत.

आंतेरोस : हो.

हिलारा : मग?

आंतेरोस : मागून व्यवस्थापक ओरडला, 'आटप, पुढची जोड दारात उभी आहे.' मी म्हटलं, हुकूम झाला नाही अजून. तो म्हणाला, 'हात दिसला नाही का, आंधळ्या?' आता यजमानाला दुसऱ्यांदा विचारायचं म्हणजे चारचौघांत त्याला सांगायचं, की बाबा, तुझं लक्ष नाही. तीन वर्षांमागे दुसऱ्या गावात एका पंचाने विचारलं होतं. पुढच्या खेळांत त्याच्या हातात पंचाची काठी नव्हती, गड्याची तलवार होती. साठीला आलेला माणूस. मी त्याला उचलला होता, मढी बाहेर काढतात त्या दारातून.

हिलारा : म्हणून सोडलंस.

आंतेरोस : माझी मुलगी लग्नाची आहे. मला लाकडी तलवार मिळून सहा वर्षं झाली, अजून झोपेत दचकून उठतो, की परत वाळूत उभं केलंय. त्या एका क्षणात हे सगळं डोक्यात येत नाही, वहिनी. बोटंच सैल होतात. मग डोकं मागून येतं आणि कारणं सांगतं.

हिलारा : ऐकलंत काका? आता तरी कोराल ना?

नेवियुस : ऐकलं.

आंतेरोस : काय कोरायचंय?

हिलारा : 'पंच आंतेरोसने मला मारलं.'

आंतेरोस : कोर, नेवियुस.

नेवियुस : तू वेडा झालास का?

आंतेरोस : कोर म्हणतो ना. आठ दिवस झाले. तालमीत सगळे नेहमीसारखे बोलतात. मालकाने वाटीत जास्तीची दारू ओतली, म्हणाला, 'वेळेत आटपलंस, शाब्बास.' कोणीतरी कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे.

नेवियुस : आणि उद्या यजमानांची माणसं येऊन विचारतील, पंचाने मारलं म्हणजे काय? हुकूम नव्हता? मग यजमान काय करत होते? मग मी काय सांगू?

आंतेरोस : सांग, पंचानेच लिहायला लावलं.

हिलारा : मोठा मानभावी आहेस. तो जिवंत होता तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही आणि आता दगडावर नाव कोरून घेतोस.

आंतेरोस : बोला. बोलायचं तेवढं बोला.

हिलारा : बोलू काय? मला एकच सांग. तू त्याच्या अंगाला लागून उभा होतास. तो काही म्हणाला का?

आंतेरोस : ...नाही.

हिलारा : खोटं बोलतोस. तार्सा गप्प बसणारा माणूस नव्हता. ताप आला तरी बडबडायचा.

आंतेरोस : वहिनी, काही गोष्टी माझ्यापाशी राहू द्या.

हिलारा : तुझ्यापाशी? माझा नवरा तुझ्यापाशी ठेवला होता, तो राहिला का? सांग.

आंतेरोस : आधी म्हणाला, 'वस्ताद, लोक कुठं गेले?' त्याला डोळ्यांत घाम आणि रक्त, नीट दिसत नव्हतं. फक्त आवाज येत होता, तोही आपल्यासाठीचा नाही, हे त्याला कळत होतं. मी म्हटलं, आहेत, आहेत. जरा थांब.

हिलारा : मग?

आंतेरोस : मग विचारलं, 'हिलारा बघतेय का?'

हिलारा : तू काय सांगितलंस?

आंतेरोस : मी वर बघितलं. तिथून बायकांच्या रांगा काय दिसतात? सगळ्या उठून उभ्या होत्या, हात वर करून. मी म्हटलं, बघतेय. तुझ्याकडेच बघतेय. त्याने मान हलवली. पाठ ताठ केली. गुडघा टेकून, हात मागे, शिकवलं होतं तसा. नवखे गडी समोरच्याचे पाय धरतात, वहिनी. रांगतात. तो हलला नाही.

नेवियुस : बस कर रे.

आंतेरोस : त्यांनीच विचारलं.

नेवियुस : पोरी, पाणी घे. आंबटपाणी आहे, गार आहे. अगं घे, ओठ पांढरे पडलेत तुझे.

हिलारा : नको.

नेवियुस : त्याला बरं मरण आलं असं मी म्हणत नाही. पण आपलं माणूस बघतंय एवढं मनात घेऊन गेला. पुष्कळांना तेही मिळत नाही.

हिलारा : चितेवर त्याच्या अंगात काय होतं, बघितलं होतंस का, आंतेरोस?

आंतेरोस : अंगरखा. नवा, लोकरीचा. जाड विणीचा. पुदेन्स म्हणालासुद्धा, वहिनींनी कुठून आणला असेल.

हिलारा : मी आठ वर्षं लोकर तुडवतेय. हात लावला की कळतं मला, मेंढी कुठली, वीण कोणाची. अख्ख्या गावाचे अंगरखे माझ्या पायाखालून गेले. तार्साकडे एक नव्हता. थंडीत तालमीत घोंगडं पांघरून बसायचा. मी म्हणायचे, यंदा घेऊ. दर वर्षी, यंदा घेऊ.

आंतेरोस : वहिनी, हे आत्ता कशाला...

हिलारा : माझ्या मांडीवर पडला तो गोळा. मी हातसुद्धा वर केला नव्हता. आपण होऊन येऊन पडला. आजूबाजूच्या बाया झोंबायला लागल्या, मी छातीशी घट्ट धरला. मला वाचता येत नाही. शेजारी एक बाई होती, बेकरीवाल्याची. तिला म्हटलं, काय आहे बघ ना. ती डोळे बारीक करून एकेक अक्षर लावत बसली. 'लो... क... री...' मला राहवेना. म्हटलं, लवकर वाच गं बाई. ती म्हणाली, 'लोकरीचा अंगरखा, मोठ्या माणसाचा.' मी हसले. तोंडावर हात ठेवून हसले. मनात म्हटलं, बाजाराच्या दिवशी आला की आधी सांगायचंच नाही, मागून जाऊन अंगावर टाकायचा.

नेवियुस : पोरी.

हिलारा : आणि मान वर केली तर खाली दोन माणसं आकडा लावून काहीतरी ओढत होती. मी त्या बाईला विचारलं, 'कोण पडलं?' मी विचारलं, काका. कोण पडलं, म्हणून.

आंतेरोस : तुम्हाला काय माहीत होतं...

हिलारा : माहीत होतं. तो उतरला होता हे माहीत होतं. त्याची ढाल गेली तिथपर्यंत मी बघत होते. नखं खाऊन खाऊन रक्त काढलं होतं. आणि मग गोळे उडायला लागले.

आंतेरोस : तुम्ही बघत असतात तरी काही झालं नसतं. तिथून हाक पोचली नसती.

हिलारा : नसतं झालं. तुझं मनगट सोडणं, यजमानाचा हात, ते सगळं तसंच झालं असतं. मी बघत असते, एवढंच.

नेवियुस : कोणाला सांगितलं नव्हतंस हे?

हिलारा : कोणाला सांगू? रोज उठून ह्याच्या नावाने बोटं मोडत होते. त्यात दिवस जायचा. कुंडात पाय आपटताना म्हणायचे, हा आंतेरोस, हा आंतेरोस. आज हेही गेलं हातातून.

आंतेरोस : नाही गेलं. शिव्या द्या. मी कुठं नाही म्हणतो? दगडावर नाव घाला माझं.

हिलारा : तुझं घातलं तर त्याखाली माझंही घालावं लागेल. आणि त्या बेकरीवाल्याच्या बाईचं. आणि म्हाताऱ्याचं, पाय मोडला त्याचं. किती जणांची घालाल, काका?

नेवियुस : एवढा दगड डोंगरातसुद्धा नाही.

आंतेरोस : मग मी काय करू? मला काहीतरी सांगा करायला. पुढच्या खेळांना पंधरा दिवस आहेत. मी परत तिथंच उभा राहणार आहे.

हिलारा : मला काय विचारतोस? मी कोण? जा तू. तुझा निरोप सांगून झाला ना?

आंतेरोस : वहिनी...

हिलारा : जा, भाऊजी. मला तुमच्याकडे बघवत नाही, आणि दुसरीकडे बघितलं तरी तेच दिसतं. मुलीच्या लग्नाला मला बोलावू नका.

आंतेरोस : ...येतो, नेवियुस.

नेवियुस : ये. ते तुझ्या ओळीचं बघतो मी. बसते का बघतो.

हिलारा : बसेल. अक्षरं बारीक करा.

नेवियुस : गेला बघ. पार म्हातारा झाला आठ दिवसांत.

हिलारा : होऊ दे.

नेवियुस : आपल्या दगडाचं बोलू. माळा आठ. वर 'फुल्गुर' घालू की 'तार्सा'?

हिलारा : तार्सा. फुल्गुर गावाचा होता, गावाने काय करायचं ते करावं.

नेवियुस : आणि खाली 'बायको हिलारा हिने उभारला', असं. रीत आहे तशी.

हिलारा : माझं नाव नको.

नेवियुस : अगं, कोणीतरी उभारला असं लिहावंच लागतं. नाहीतर रस्त्याने जाणाऱ्याला वाटायचं, बेवारशी होता.

हिलारा : 'सोबत्यांनी उभारला', लिहा. पुदेन्सला मी सांगते. तो हो म्हणेल.

नेवियुस : बरं, तुझी मर्जी. मारलं कोणी, त्याचं काय करू? नशीब घालू?

हिलारा : काही नको. रिकामं सोडा.

नेवियुस : आता राहिलं वय. किती वर्षांचा होता?

हिलारा : नक्की नाही माहीत. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आठ वर्षांमागे भेटला तेव्हा सत्तावीस म्हणाला. पुढच्या वर्षी विचारलं, तर सत्तावीस. चिडून म्हटलं, अरे, माणूस वाढतो की नाही? तर म्हणाला, मला आवडतो तो आकडा.

नेवियुस : मग काय, सत्तावीस लिहू?

हिलारा : लिहा. आता तेवढाच राहील तो.